स्पॅनिश बोलणाऱ्या नवशिक्यांचा वर्ग गप्प बसतो तेव्हा

तुम्ही माद्रिदमध्ये सेल्टाचा, म्हणजे इंग्रजी शिकवण्याच्या प्रमाणपत्राचा, पूर्णवेळ कोर्स करताय, सरावासाठी अगदी नवशिक्या प्रौढांचा वर्ग मिळालाय आणि स्पॅनिश तुम्हाला येत नाही. वर्गात काही विचारलं की सगळे 'येस, येस' म्हणत मान डोलावतात. जोड्या करून काम दिलं की शेजाऱ्याला स्पॅनिशमध्ये विचारतात, 'करायचंय काय?' ट्यूटरचा शेरा ठरलेला : तुम्ही फार बोलता. त्यावरून तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत. बोलायचं नाही तर शिकवायचं कसं, घाईघाईने स्पॅनिश शिकून घेऊ का, आणि माझे उच्चार भारतीय आहेत त्याचं काय.

मी स्पेनमध्ये बरीच वर्षं प्रौढांना इंग्रजी शिकवलं आणि आता तुमच्यासारख्यांच्या तासाला मागच्या खुर्चीत वही घेऊन बसते. तिथून जे दिसतं ते सांगते. वर्ग गप्प असतो तो बहुतेक वेळा विद्यार्थ्यांना इंग्रजी येत नाही म्हणून नव्हे, तर शिक्षिकेची इंग्रजी त्यांना झेपत नाही म्हणून. नवशिक्यांच्या तासाची तयारी म्हणजे व्याकरणाची तयारी असं प्रत्येकाला वाटतं. 'टू बी'ची रूपं तुम्हाला झोपेतून उठवून विचारली तरी येतील. तयारी करायची ती तासाला स्वतःच्या तोंडून निघणाऱ्या वाक्यांची.

आधी समोर कोण बसलंय ते बघा. सेल्टाचे सराव-वर्ग फुकट किंवा नाममात्र फीमध्ये असतात, त्यामुळे गर्दी मिश्र असते : निवृत्त माणसं, हॉटेलात काम करणारे, नोकरी शोधणारे, इक्वाडोर, पेरू किंवा व्हेनेझुएलाहून आलेले. यात कोरी पाटी घेऊन आलेला क्वचितच असतो. रंग, आकडे, 'माय नेम इज' एवढं शाळेत कधीतरी झालेलं असतं. अपवाद साठीच्या पुढच्यांचा. स्पेनमध्ये त्या पिढीतल्या अनेकांना शाळेत इंग्रजीऐवजी फ्रेंच होतं. शिवाय कानावर इंग्रजी पडायची सवयच इथे कमी. 1941 साली फ्रँकोच्या राजवटीत परदेशी चित्रपट स्पॅनिशमध्येच दाखवायची सक्ती झाली. पुढे सक्ती गेली तरी डबिंगची सवय राहिली. त्यामुळे छापील इंग्रजी ओळखणारा माणूससुद्धा तेच वाक्य ऐकल्यावर गोंधळतो.

आणि लाज. आपल्याकडे मराठी शाळेत एखाद्याने जरा जास्तच 'कॉन्व्हेंट' उच्चार काढला की बाकीचे 'आला मोठा साहेब' म्हणत, तसंच इथेही चालतं. चांगला उच्चार करणारा पोरगा वर्गात चेष्टेचा विषय होतो, आणि चाळिशीतसुद्धा माणूस ते विसरलेला नसतो. 'येस, येस' ही त्या लाजेची ढाल आहे. म्हणून 'डू यू अंडरस्टँड?' हा प्रश्न आजपासून बंद. त्याचं खरं उत्तर कुठल्याच वर्गात मिळत नाही.

आता फार बोलण्याबद्दल. ट्यूटरला तुमचं बोलणं नकोय असं नाही. त्यांना खटकतंय ते हे : 'ओके, सो, व्हॉट आय'ड लाइक यू टू डू नाऊ इज, इफ यू कुड जस्ट गेट इंटू पेअर्स अँड सॉर्ट ऑफ आस्क ईच अदर द क्वेश्चन्स ऑन द हँडाउट.' हे नमनाला घडाभर तेल झालं. नवशिक्याच्या हाती यातलं 'ओके' आणि फार तर 'क्वेश्चन्स' लागतं. बाकीच्या वेळात तो तुमच्या चेहऱ्याकडे बघून अंदाज बांधत असतो.

त्याऐवजी असं करा. कागद अजून वाटू नका, कारण कागद हातात पडला की कान बंद होतात. वर्गातला जरा धीट विद्यार्थी हेरा. त्याच्यासमोर उभं राहून म्हणा, 'वॉच.' कागदावरचा पहिला प्रश्न त्याला विचारा : 'व्हेअर डू यू लिव्ह?' तो सांगेल, 'इन वायेकास.' तुम्ही ते सगळ्यांना दिसेल असं लिहा. मग कागद त्याच्या हातात द्या, त्याला तुम्हाला विचारू द्या आणि तुम्ही उत्तर द्या. यानंतर बोटाने जोड्या दाखवत जा : 'ए, बी. ए, बी. ए, बी.' मग तपासा : 'राइट ऑर स्पीक?' त्यांना फक्त दोनातला एक शब्द निवडायचाय. 'स्पीक,' असं चार जणांनी म्हटलं की कागद वाटा. सगळं मिळून पंधरासोळा शब्द लागले, आणि काम काय आहे ते सगळ्यांना डोळ्यांनी दिसलं.

ही वाक्यं आयत्या वेळी सुचत नाहीत. पाठाच्या आराखड्यात 'सूचना देणे' असं लिहून पुढे जाऊ नका. प्रत्येक सूचना शब्दशः लिहा, मग त्यातला जो शब्द काढता येईल तो काढा. मी ज्यांचे तास पाहते त्यांत सगळ्यात झपाट्याने सुधारतात ते हे लिहिणारे.

इथे आपल्या लोकांना एक अडचण येते. 'वॉच', 'रीड', 'स्टॉप' असं नुसतं आज्ञार्थी बोलणं आपल्याला उद्धट वाटतं. शाळेत 'कुड यू प्लीज' घोटवून घेतलेलं असतं, आणि समोर वडिलांच्या वयाचा माणूस बसलेला असतो. बिनधास्त बोला. स्पॅनिश माणूस बारमध्ये जाऊन 'पोनमे उन काफे' म्हणतो, म्हणजे सरळ 'एक कॉफी दे', आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. चेहरा हसरा असला की झालं. एकदाच 'प्लीज' म्हणा हवं तर.

विचारल्यावर थांबण्याचंही तसंच. मेरी बड रो या अमेरिकन संशोधक बाईंनी 1970च्या दशकात दाखवलं होतं की शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी एखादा सेकंद थांबतात, आणि तोच वेळ तीन सेकंदांपर्यंत नेला की उत्तरं लांब आणि जास्त येतात. ते वर्ग मुलांचे होते, विज्ञानाचे होते आणि मुलांच्या स्वतःच्या भाषेत चालत होते. परक्या भाषेत वाक्य जुळवणाऱ्याला त्याहून जास्त वेळ द्यायला हवा. आणि थांबल्यावर तोच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारू नका. त्याने पहिला अर्धा जुळवलेला असतो, तुम्ही त्याला दुसरा देता.

आता तुमच्या बलस्थानाकडे येऊ. स्पॅनिश येत नसली तरी तुम्हाला मराठी येते, आणि या वर्गात ती कामाला येते. बर्मिंगहॅमहून आलेल्या तुमच्या सहप्रशिक्षणार्थीला जे कोडं वाटतं त्यातलं निम्मं तुम्हाला आतून कळू शकतं. 'मला कॉफी आवडते' या वाक्यात क्रियापद कॉफीप्रमाणे चालतं आणि माणूस 'मला' होऊन बाजूला उभा राहतो. स्पॅनिशचं 'मे गुस्ता एल काफे' अगदी याच बांधणीचं आहे. म्हणून 'आय लाइक'मध्ये 'आय' कर्ता कसा झाला हे त्यांना अडतं, आणि 'द कॉफी लाइक्स मी'सारखी वाक्यं निघतात. इंग्रज शिक्षक त्यावर हसतो. तुम्हाला लगेच कळायला हवं की हा माणूस स्वतःच्या भाषेशी प्रामाणिक आहे.

कर्ता गाळण्याचंही तेच. 'येतोय', 'झालं', 'निघालो' असं आपण म्हणतो, क्रियापदच सगळं सांगतं. स्पॅनिशमध्येही तेच, म्हणून 'इज रेनिंग', 'इज व्हेरी गुड'. या एका चुकीसाठी बोटांचा उपाय शिकून घ्या. विद्यार्थिनी म्हणाली, 'इज कोल्ड.' तुम्ही बोलायचं काहीच नाही. डावा हात वर धरा, तीन बोटं उघडी. उजव्या हाताने दुसऱ्या बोटाला टेकवत नुसते ओठ हलवून 'इज', तिसऱ्याला 'कोल्ड', आणि मग पहिल्या बोटाला धरून तिच्याकडे बघत राहा. ती आधी भुवया उंचावेल, बोटाकडे बघेल, ओठ हलवेल, शेजारीण पुटपुटेल, आणि मग 'इट! इट इज कोल्ड.' मग दोन बोटं जवळ आणून 'इट्स'. आवाज न काढता तुम्ही एक चूक तिच्याकडून दुरुस्त करून घेतलीत. ट्यूटर वहीत काय लिहितील ते मला माहीत आहे.

जिथे मराठी आणि स्पॅनिशची वाट फुटते तिथे मात्र सावध राहा, कारण तिथे तुम्हाला अडचण दिसणारच नाही. आपल्याला 'त्याचा' आणि 'तिचा' वेगळे आहेत, त्यामुळे 'हिज' आणि 'हर' सोपे वाटतात. स्पॅनिशमध्ये दोन्हीला 'सू', शिवाय 'त्यांचा' आणि आदरार्थी 'आपला' यालाही 'सू'च. मग नवऱ्याबद्दल बोलताना 'हर वाइफ' असं हमखास येतं, कारण बायको बाई आहे म्हणून 'हर'. तक्ता लिहून हे सुटत नाही. एका जोडप्याचा फोटो लावा, पुरुषावर बोट ठेवून 'हिज वाइफ, हिज कार, हिज मदर', बाईवर बोट ठेवून 'हर हजबंड, हर कार, हर फादर'. बोट मालकावरून हलवू नका, यातच सगळं आहे. आर्टिकलचं उलट आहे. आपल्या भाषेत ती नाहीत म्हणून आपण गाळतो, त्यांच्याकडे भरपूर आहेत म्हणून ते 'द लाइफ इज हार्ड' म्हणतात. तुमचं स्वतःचं 'ए' आणि 'द' फळ्यावर लिहिण्याआधी दोनदा वाचा.

'आय हॅव थर्टी इयर्स', 'आय नो अंडरस्टँड', 'यू लाइक फुटबॉल?', 'कार्स रेड्स' या सगळ्यांचं मूळ स्पॅनिशमध्ये आहे, आणि ट्यूटर त्यांची यादी तुम्हाला देतील. माझं मत एवढंच की सगळं दुरुस्त करू नका. आज जे शिकवताय ते बिघडलं तर थांबवा, बाकी जाऊ द्या. वय सांगण्याचा पाठ असेल तर 'आय हॅव थर्टी' थांबवायलाच हवं. कुणी आपल्या गावाबद्दल धीर करून सांगत असताना 'द पीपल इज व्हेरी नाइस' म्हणालं तर आनंदाने ऐकून घ्या.

अक्षरांच्या नावांना मात्र अख्खा तास द्यावा असं मी सांगते, आणि प्रशिक्षणार्थी नाक मुरडतात : एबीसीडी काय शिकवायची मोठ्या माणसांना? फोनवर आडनाव सांगता येणं, ईमेल लिहून घेता येणं हीच तर त्यांची पहिली खरी गरज असते, आणि इथेच सगळ्यात जास्त घोळ होतो. स्पॅनिशमध्ये स्वरांची नावं म्हणजे त्यांचे उच्चार : आ, ए, ई, ओ, ऊ. तुम्ही इंग्रजी पहिलं अक्षर 'ए' म्हणालात की ते पाचवं लिहितात. तुम्ही पाचवं 'ई' म्हणालात की ते 'आय' लिहितात. तुम्ही 'आय' म्हणालात की पेन हवेत थांबतं, कुणी दोन अक्षरं लिहितं. 'जी' आणि 'जे' यांची नावं त्यांच्याकडे 'खे' आणि 'खोता', त्यामुळे तेही उलटसुलट. गार्सिया हे इथलं सगळ्यात साधं आडनाव. ते इंग्रजीत अक्षरं उच्चारून सांगा आणि कागदांवर काय उतरतं ते बघा. क्रमाने गाणं म्हणवण्यापेक्षा आवाजाप्रमाणे रांगा करा. ए, एच, जे, के एका रांगेत. बी, सी, डी, ई, जी, पी, टी, व्ही दुसऱ्या. एफ, एल, एम, एन, एस, एक्स, झेड तिसऱ्या. आय आणि वाय जोडीने, क्यू, यू आणि डब्ल्यू एकत्र, ओ आणि आर एकेकटे. मग एक जण हॉटेलच्या काउंटरवर, दुसरा पाहुणा. स्पेनमध्ये माणसाला दोन आडनावं असतात, वडिलांचं आणि आईचं, त्यामुळे सराव आपोआप दुप्पट होतो.

उच्चारांत पहिल्या महिन्यात दोनतीनच गोष्टी धरा. 'एस'ने सुरू होणाऱ्या जोडाक्षराआधी त्यांचा 'ए' येतो, 'एस्पेन', 'एस्कूल', जसा उत्तर भारतात 'इस्कूल' होतो. उपाय : आधी नुसता 'स्स्स्स' करायला लावा, सापासारखा लांब, आणि त्याच श्वासात 'पेन'. नाहीतर आधीचा शब्द 'स'ने संपणारा घ्या, 'इट्स स्मॉल', 'धिस स्कूल', की 'ए'ला शिरायला जागाच राहत नाही. 'शूज'चं 'चूज' होतं कारण बहुतेक स्पॅनिश बोलींत 'श' नाही. तिथे तोंडावर बोट ठेवून 'श्श्श, गप्प' एवढंच करा, आवाज सगळ्यांना येतो, फक्त तो शब्दात वापरायची सवय नसते. 'थिंक'मधला ध्वनी माद्रिदच्या माणसाला फुकटात मिळालेला आहे, त्याच्या 'थेरो' (शून्य) आणि 'थापातो' (बूट) या शब्दांत तो रोज येतो. शेजारी बसलेल्या पेरूच्या माणसाकडे तो नाही. एकाला जमतं आणि दुसऱ्याला नाही याचा अर्थ दुसरा मठ्ठ असा काढू नका.

आणि त्यांना आधीच येणारे शब्द पहिल्या दिवशी फळ्यावर घ्या : हॉस्पिटल, अ‍ॅनिमल, डॉक्टर, चॉकलेट. स्पेलिंग अगदी तेच. स्पॅनिशमध्ये पहिल्या तिन्हींचा जोर शेवटी, 'ओस्पिताल', 'आनिमाल', 'दोक्तोर', आणि 'चोकोलाते'त 'ला'वर. इंग्रजीत चारही शब्दांचा जोर पहिल्या तुकड्यावर. टाळ्या वाजवून घ्या. आपल्याला इतके शब्द आधीच माहीत आहेत हे बघून खांदे खाली येतात, आणि जोर कुठे पडतो हा धडाही होऊन जातो. फसवे शब्दही भेटतीलच. कुणी सर्दीने लाल झालेलं नाक पुसत 'आय अ‍ॅम कॉन्स्टिपेटेड' म्हणालं तर गंभीर चेहऱ्याने 'यू हॅव अ कोल्ड' द्या आणि पुढे जा. स्पेनमध्ये 'कोन्स्तिपादो' म्हणजे सर्दी झालेला. तसंच संध्याकाळी वर्गात शिरताना कुणी 'गुड नाइट' म्हणालं तर तो निघालेला नाही. 'बुएनास नोचेस' भेटतानाही म्हणतात.

स्पॅनिश शिकण्याबद्दल : जरूर शिका, इथे राहायचं तर भाजी आणायला लागेलच. पण पुढच्या आठवड्यातल्या तासासाठी नको. वर्गात मायभाषेचा एकही शब्द नको हा हट्ट मला पटत नाही. पाच मिनिटं मूकनाट्य करूनही 'ऑलरेडी' समजत नसेल आणि मागून कुणी त्याचा स्पॅनिश शब्द 'या' म्हणालं, तर हो म्हणा आणि पुढे चला. पण तो शब्द विद्यार्थ्याकडून येऊ द्या. तुमची अर्धीकच्ची स्पॅनिश मिश्र वर्गात अंगाशी येऊ शकते. माद्रिदमध्ये 'कोखेर' म्हणजे साधं 'घेणे, पकडणे', बस पकडण्यापासून सगळ्याला वापरतात. तोच शब्द मेक्सिको किंवा अर्जेंटिनाच्या माणसासमोर अश्लील ठरतो. त्यापेक्षा चार इंग्रजी वाक्यं मोठ्या कागदावर लिहून भिंतीला कायम लावा : 'हाऊ डू यू से धिस इन इंग्लिश?', 'कॅन यू रिपीट, प्लीज?', 'आय डोन्ट अंडरस्टँड', 'हाऊ डू यू स्पेल इट?' कुणी स्पॅनिशमध्ये विचारलं की काही न बोलता त्या कागदाकडे हात करा. दुसऱ्या आठवड्यात ते स्वतःच वळून बघायला लागतात.

भारतीय उच्चारांबद्दल ट्यूटर तुम्हाला नापास करणार नाहीत. त्यांना हवं असतं स्पष्ट आणि सुसंगत उदाहरण. दोन जागा मात्र नीट करून घ्या. आपल्याकडे 'व' एकच आहे, त्यामुळे 'व्हेस्ट' आणि 'वेस्ट' बऱ्याच जणांचे सारखेच निघतात. समोरच्यांची 'बी' आणि 'व्ही' यात गल्लत होते. तुम्ही 'व्ही'साठी वरचे दात खालच्या ओठावर टेकवून दाखवले नाहीत तर त्यांना फरक कुठून कळणार? दुसरं, शब्दाच्या सुरुवातीचा 'पी', 'टी', 'के' आपण श्वास न सोडता म्हणतो, तेही तसंच म्हणतात, आणि इंग्रजांच्या कानाला 'पेन'चं 'बेन' होतं. ओठांसमोर कागदाची पट्टी धरून 'पेन' म्हणा, पट्टी हलली पाहिजे. हे तुम्ही आणि वर्ग बरोबरच शिकू शकता, त्यांना ते आवडतं.

कोर्सच्या सहा तासांच्या प्रत्यक्ष अध्यापनात तुम्हाला दोन पातळ्यांचे वर्ग मिळतात, तेव्हा अर्ध्यावर हा वर्ग बदलेल. विद्यार्थ्यावरचा लेखी निबंध 750 ते 1000 शब्दांचा असतो. त्यासाठी माणूस याच वर्गातून घ्या आणि आत्ताच ठरवा. सगळ्यात हुशार विद्यार्थी घेऊ नका, त्याच्या चुका थोड्या आणि विखुरलेल्या असतात. बडबड्या घ्या, जो चुकत चुकत भरपूर बोलतो. त्याची परवानगी घेऊन फोनवर पाचसात मिनिटं बोलणं रेकॉर्ड करा : घर, काम, काल काय केलं. मग कर्ता कुठे गळला, 'सू' कुठे आडवा आला, 'ए' कुठे शिरला, हे वाक्यांसकट लिहून काढा. रेकॉर्डिंग मात्र तासानंतर करा, कॉफी घेता घेता. वर्गात सगळ्यांसमोर फोन पुढे केलात तर तोही 'येस, येस' म्हणायला लागेल.